‘एक किंवा दोन्ही’: तीन शब्दांची गोष्ट

मामाकडे किंवा काकाकडे वाढलेलं मूल आपल्याकडे नवलाचं नाही. पण अमेरिकेत ते मूल कागदपत्रांशिवाय आलेलं असेल, तर नुसतं नातं पुरत नाही. कोर्टाचा आदेश लागतो.

१९९० च्या इमिग्रेशन कायद्यात अमेरिकी काँग्रेसने ‘स्पेशल इमिग्रंट ज्युवेनाइल’ हा दर्जा आणला. त्याआधी फॉस्टर केअरमध्ये वाढलेलं मूलही सज्ञान झालं की कागदपत्रांविना उघड्यावर पडायचं. नव्या कायद्याने कामाची वाटणी केली. घरात मुलाचं काय झालं आणि त्याचं भलं कशात आहे, हे राज्याचं कोर्ट ठरवणार. दर्जा द्यायचा की नाही, हे केंद्र सरकार ठरवणार. कारण साधं आहे: व्हिसाच्या अधिकाऱ्याला घरातलं भांडण कसं कळणार?

सुरुवातीला हा दर्जा फक्त दीर्घकाळ फॉस्टर केअरमध्ये राहणाऱ्या मुलांसाठी होता. २००८ मध्ये मानवी तस्करीविरोधी कायद्यातून ही अट गेली. छळ, हेळसांड किंवा त्याग यामुळे ‘एक किंवा दोन्ही’ पालकांकडे परतणं शक्य नसलं, तरी पुरे असं ठरलं.

खरा वाद इथेच सुरू झाला. बाप सोडून गेला, पण आई आहे. मग मूल पात्र की नाही? २०१२ मध्ये नेब्रास्काच्या सर्वोच्च न्यायालयाने ‘नाही’ म्हटलं. न्यू जर्सीत भारतातून आलेल्या आणि नातेवाईकाकडे राहणाऱ्या एका मुलाच्या खटल्यात खालच्या कोर्टांनीही दारं लावून घेतली होती. २०१५ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ती उघडली. फॅमिली कोर्टाने प्रत्येक पालकाबद्दल वेगवेगळी नोंद करावी, दर्जाचा निर्णय केंद्रावर सोडावा, असं त्याने सांगितलं.

दर्जा मिळाला म्हणजे लगेच ग्रीन कार्ड मिळालं, असं मात्र नाही. या मुलांची गणती नोकरीच्या व्हिसांच्या चौथ्या गटात होते, म्हणजे धर्मोपदेशक वगैरेंच्या रांगेत. एल साल्वाडोर, ग्वाटेमाला आणि होंडुरासच्या मुलांची रांग २०१६ पासून तुंबली. २०२२ मध्ये वाट बघणाऱ्यांना हद्दपारीपासून तात्पुरतं संरक्षण आणि कामाचा परवाना मिळू लागला. जून २०२५ मध्ये सरकारने ते धोरण मागे घेतलं आणि प्रकरण पुन्हा कोर्टात गेलं.

म्हणून ओळखीत असं मूल असेल तर दोन गोष्टी लक्षात ठेवा. केंद्राकडे अर्ज करताना वय २१ च्या आत हवं आणि लग्न झालेलं नको. पण बऱ्याच राज्यांत फॅमिली कोर्टाचं दार अठराव्या वर्षीच बंद होतं. आणि या वाटेने मुलाला कागद मिळाले, तरी त्याच्यामार्फत आईबापांना कधीच मिळत नाहीत, सांभाळणाऱ्या आईलाही नाही. तेव्हा ‘बघू पुढच्या वर्षी’ म्हणू नका. वकिलाला आत्ताच विचारा.