कौशिकाचे दस्यू आणि कांटचा मारेकरी

सन १७९७ मध्ये पूर्व प्रशियातील केनिग्जबेर्ग या बंदराच्या शहरी, अध्यापनातून नुकत्याच निवृत्त झालेल्या एका त्र्याहत्तर वर्षांच्या प्राध्यापकाने एक लहानसा निबंध प्रसिद्ध केला. प्रश्न असा होता : तुमचा मित्र मारेकऱ्याच्या भीतीने तुमच्या घरात येऊन लपला आहे, मागोमाग मारेकरी दारात येऊन 'तो आत आहे काय?' असे विचारतो. होय किंवा नाही एवढेच उत्तर देणे भाग आहे. अशा वेळी खोटे बोलावे काय? प्राध्यापकाचे उत्तर होते, नाही. हा प्राध्यापक म्हणजे इमॅन्युएल कांट. त्याचे भक्तदेखील या निबंधापाशी आले की जरा घसा खाकरतात आणि पुढच्या प्रकरणाकडे वळतात. मला मात्र असे वाटते की, नीतिशास्त्रात बुद्धीचे काम नेमके कोणते, या जुन्या वादाची नाडी जर कोठे हाताला लागत असेल, तर ती या निबंधातच.

वादाला तोंड फोडले होते बेंजामिन कॉन्स्टंट या तरुण लेखकाने. सत्य बोलणे हे कर्तव्य खरे, परंतु ते ज्याला सत्यावर हक्क आहे त्याच्यापुरतेच. दुसऱ्याचा घात करू पाहणाऱ्याला तसा हक्क नाही, असे त्याचे म्हणणे. हा प्रश्न केवळ पोथीतला नव्हता, हे ध्यानात घेतले पाहिजे. १७९३-९४ च्या दहशतीच्या राजवटीला अवघी तीनचार वर्षे लोटली होती. संशयितांना घरात आसरा देणारे, आणि दारावर थाप पडताच काय उत्तर द्यावे या विचाराने ज्यांच्या घशाला कोरड पडली असेल, असे लोक फ्रान्समध्ये गावोगाव हयात होते. कांटच्या शहरात असे काही घडले नव्हते. दोघांच्या उत्तरांतील अंतराचा काही भाग या वस्तुस्थितीत आहे, असे म्हटल्यास तत्त्वज्ञानाचा अवमान होऊ नये.

तरीही कांटचे म्हणणे हट्टी म्हाताऱ्याचे म्हणून सोडून देण्याजोगे नाही. १७८५ च्या नीतिमीमांसेत त्याने बुद्धीला न्यायासनावर बसविले होते. त्याच्या मते बुद्धीचे काम परिणामांची बेरीज-वजाबाकी करण्याचे नव्हे. ते विधी घालून देण्याचे. आपण ज्या सूत्राने वागतो ते सूत्र साऱ्या मनुष्यजातीचा नियम व्हावे, अशी इच्छा आपल्याला विसंगतीवाचून करता येते काय, एवढेच ती विचारते. फेडण्याचा इरादा नसताना परतफेडीचे वचन देऊन कर्ज काढणारा माणूस घ्या. सगळेच तसे करू लागले तर वचन या वस्तूलाच अर्थ उरणार नाही आणि त्याला कर्जही कोणी देणार नाही. म्हणजे हा माणूस इतरांनी पाळावयाच्या नियमाच्या बळावर स्वतःपुरता अपवाद मागतो आहे. अनीती ही अशा रीतीने बुद्धीचा स्वतःशीच होणारा विरोध ठरते. राजा असो, जिनगराचा मुलगा असो (कांट स्वतः जिनगराचाच मुलगा होता), हा विधी सर्वांना सारखा, आणि तो बाहेरून कोणी लादलेला नसून ज्याचा त्याने स्वतःला घातलेला. या विचारातील उदात्तता मी कबूल करतो.

परंतु १७९७ च्या निबंधात एक मौज आहे. कांट म्हणतो, समजा तुम्ही 'तो घरात नाही' असे खोटेच सांगितले, आणि तेवढ्यात तुमच्या नकळत मित्र खरोखरच मागल्या दाराने निसटला. मारेकरी परत फिरला, आणि रस्त्यात त्याला गाठून त्याने ठार केले. तर त्या मृत्यूचा दोष तुमच्याकडे येतो. खरे बोलला असता तर तो आला नसता. ज्या परिणामांना कांटने पुढच्या दाराने हाकलून दिले, ते असे मित्राबरोबर मागल्या दारात भेटतात! त्याचा रोख कायद्याच्या जबाबदारीवर होता, असत्याने करारमदारांचा पायाच उखडला जातो हे त्याला दाखवावयाचे होते, हे सारे खरे. तथापि दृष्टान्त निवडताना त्यालाही परिणामांचा आधार घ्यावा लागला, ही गोष्ट बोलकी आहे.

याच कांटच्या चरित्रातली दुसरी एक हकीकत या निबंधाशेजारी ठेवून वाचावी. धर्मविषयक ग्रंथ लिहिल्याबद्दल १७९४ मध्ये राजा दुसरा फ्रेडरिक विल्यम याचे ताकीदपत्र त्याला आले. आपण महाराजांचे एकनिष्ठ प्रजाजन या नात्याने यापुढे धर्मावर काही लिहिणार नाही, असे त्याने उत्तर दिले. १७९७ च्या नोव्हेंबरात राजा वारला, आणि पुढच्याच वर्षी कांटने उघड केले की ते शब्द आपण जाणूनबुजून योजले होते. वचन त्या महाराजांच्या हयातीपुरतेच होते. कचेरीत बसून ज्याने वर्षानुवर्षे पत्रांचे मसुदे केले आहेत, त्याला या वाक्यरचनेचे कौतुक वाटल्यावाचून राहणार नाही. एक अक्षर खोटे नाही. आणि तरी राजाला जे समजावयाचे तेच तो समजला. 'नरो वा कुंजरो वा'ची आठवण मराठी वाचकाला झाली तर तो दोष वाचकाचा नव्हे.

लंडनच्या जेरेमी बेंथॅमला दारातल्या मारेकऱ्याची अडचण पडलीच नसती. १७८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ग्रंथात सुखदुःखे मोजण्याची सात मापे दिली आहेत : तीव्रता, टिकाऊपणा, निश्चितता, सान्निध्य, फलदायित्व, शुद्धता आणि व्याप्ती. खोटे बोलून मित्र वाचत असेल तर खाते स्पष्टच आहे. मात्र येथे बुद्धी न्यायासनावरून उतरून हिशेबनिसाच्या गादीवर येते. काय हवे हे सुखदुःखांनी आधीच ठरविलेले. ते कसे मिळेल एवढेच तिने सांगावयाचे. ह्यूमने पन्नास वर्षांपूर्वी बुद्धीला मनोविकारांची दासी ठरविले होतेच. बेंथॅमने त्या दासीच्या हाती वही दिली.

ही वही पुढे जॉन स्टुअर्ट मिलकडे आली. हा तत्त्वज्ञ व्यवसायाने कारकून होता, हे आमच्यासारख्यांना विशेष वाटते. १८२३ साली, सतराव्या वर्षी, तो ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडनमधील कचेरीत लागला आणि १८५८ मध्ये कंपनीचा कारभार संपेपर्यंत हिंदुस्थानात जावयाच्या खलित्यांचे मसुदे लिहीत राहिला. हा देश त्याने कधीच पाहिला नाही. दर वेळी नवा हिशेब मांडावा लागत नाही, खलाशी जसा आधीच गणित केलेले पंचांग घेऊन समुद्रावर जातो तसा माणूसही पिढ्यांच्या अनुभवाने ठरलेले नियम घेऊन निघतो, असे त्याने १८६१ मध्ये लिहिले. सत्याचा नियम त्यांपैकीच. पण दुष्टापासून माहिती लपविणे, अत्यवस्थ रोग्याला वाईट वार्ता न सांगणे, असे अपवाद त्याने मान्य केले. नियमावली आणि तारतम्य यांची ही सांगड शहाणपणाची आहे. वही मात्र कोणाच्या हाती, हा प्रश्न उरतोच. १८५९ च्या स्वातंत्र्यावरील ग्रंथात, जे समाज अद्याप वयात आलेले नाहीत त्यांना हे तत्त्व लागू नाही असे म्हणून त्याने आपल्याला रकान्याबाहेर ठेवले.

या दोन्ही पक्षांची मराठीत कसून झडती घेतली ती लोकमान्य टिळकांनी. मंडालेच्या तुरुंगात १९१०-११ च्या हिवाळ्यात लिहिलेले आणि १९१५ मध्ये प्रसिद्ध झालेले 'गीतारहस्य' आपण बहुधा गीतेसाठी उघडतो. पण त्यात बेंथॅम, मिल, कांट, ग्रीन हे सर्व साक्षीदार म्हणून उभे आहेत. 'पुष्कळांचे पुष्कळ सुख' या तत्त्वावर त्यांनी घेतलेला आक्षेप अमेरिकेतल्या एका ट्रामच्या गोष्टीतून येतो. शहराला ट्राम हवी होती. मंजुरीला उशीर होत होता. व्यवस्थापकाने अधिकाऱ्यांना लाच दिली, ट्राम झाली, लोकांची सोय झाली. आणि तरीही लाच देणारा गुन्हेगार ठरला. सुखाची बेरीज मोठी असूनही कर्त्याची बुद्धी मलिन होती, आणि नीतीचा निवाडा या बुद्धीवरून करावयाचा, हा टिळकांचा मुद्दा. येथे ते कांटच्या बाजूचे दिसतात. पण कांटची 'व्यावहारिक बुद्धी' त्यांनी गीतेतील वासनात्मक बुद्धीशी जुळवली, ती जोडी मला पटत नाही. कांटची ती बुद्धी वासनेचे नाव नव्हे. वासनेला बाजूस सारून इच्छेला विधी घालणारी शुद्ध बुद्धीच ती आहे.

सत्याच्या बाबतीत मात्र टिळक कांटबरोबर जात नाहीत. 'कर्मजिज्ञासा' प्रकरणात त्यांनी कर्णपर्वातील कौशिकाची कथा पुढे केली आहे. नद्यांच्या संगमाजवळ राहणारा हा सत्यव्रती ब्राह्मण. भयाने रानात शिरलेल्या लोकांचा माग दस्यूंनी त्याला विचारला, त्याने खरे ते सांगितले, लोक मारले गेले, आणि कौशिक नरकाला गेला. श्रीकृष्ण ही कथा अर्जुनाला सांगतो तेव्हा अर्जुन प्रतिज्ञा पाळण्यासाठी धर्मराजावर शस्त्र उपसून उभा आहे. मारेकरी तोच, प्रश्न तोच, निकाल कांटच्या नेमका उलट.

पण निकाल येथे संपत नाही, आणि धर्मशास्त्राचे हे वळण पाश्चात्त्य वादात मला कोठे आढळले नाही. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात, खऱ्या साक्षीने माणसाचा वध होणार असेल तेथे खोटे सांगण्याची मोकळीक आहे. त्यालगतच, त्या असत्याचे पाप फिटावे म्हणून वाग्देवी सरस्वतीला चरू अर्पण करावा, असे सांगितले आहे. टिळकांनी याचीही नोंद घेतली आहे. मिलच्या दृष्टीने असे असत्य योग्य ठरले की खाते बंद झाले. कांटच्या दृष्टीने ते उघडावयाचेच नव्हते. स्मृतिकार मात्र मित्राला वाचवून आलेल्या साक्षीदाराला न्यायसभेतून सरळ घरी जाऊ देत नाही. आधी चुलीवर तांदूळ शिजत ठेवावयास सांगतो.