वऱ्हाडातली गायक आणि पेटीवाल्याची जोडी

वऱ्हाडात गाणाऱ्याच्या शेजारी पेटी येऊन बसली ती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस. त्याआधी कीर्तनकाराला वीणा आणि टाळ-मृदंग, शाहिराला डफ-तुणतुणे, बैठकीच्या गवयाला तंबोरा आणि सारंगी अशी साथ असे. हार्मोनियम घडले 1840 च्या सुमारास पॅरिसात, अलेक्झांद्र दब्यां याच्या हातून. ते वाद्य खुर्चीवर बसून, पायांनी भाता मारून वाजवायचे. कोलकात्याच्या द्वारकानाथ घोष यांनी 1875 च्या आसपास भाता मागे घेतला आणि पेटी जमिनीवर आणली. त्यामुळे वादक गायकाच्या मांडीला मांडी लावून बसू लागला. वाद्य स्वस्त, टिकाऊ आणि बैलगाडीतून नेण्यासारखे. सारंगीसारखे ते दर गाण्याला जुळवावे लागत नाही, आणि एरवी वर्षानुवर्षांचा रियाज मागणारी साथ काही महिन्यांत कामापुरती जमते. ही सोय पेटीच्या प्रसारामागचे खरे कारण, गोडवा नव्हे.

अमरावती आणि अकोल्यात पेटीचा सूर आधी रुजवला तो नाटक कंपन्यांनी. मुंबईहून निघालेला लोहमार्ग 1867 साली नागपूरला पोचला. अकोला थेट त्या मार्गावर, अमरावती बडनेऱ्याच्या फाट्यावर. कापसाच्या पैशाने गजबजलेल्या या गावांत कंपन्या मुक्काम टाकीत. 1880 साली पुण्यात ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आले आणि संगीत नाटकाची लाट वऱ्हाडातही आली. अमरावतीचे दादासाहेब खापर्डे नाटकाचे एवढे शौकीन, की 1905 साली भरलेल्या पहिल्या नाट्यसंमेलनाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. नाटकात आधी पायपेटी होती, पुढे तिची जागा ऑर्गनने घेतली. नट रंगमंचावर प्रेक्षकांकडे तोंड करून गाई आणि ऑर्गनवाला खालून त्याच्या श्वासावर नजर ठेवी. पद कुठे लांबेल, ‘वन्समोअर’ कुठे मिळेल, हे त्याला नटाइतकेच ठाऊक असावे लागे.

या जोडीचा नमुना महाराष्ट्राला दिला तो भास्करबुवा बखले आणि गोविंदराव टेंबे यांनी. टेंबे ‘मानापमान’चे (1911) संगीतकार. त्यांनी बुवांच्या मैफलींना पेटीची साथ केली आणि साथीदार हा निव्वळ सूर धरणारा नव्हे, हे लोकांना पटवले. साथीचे गमक एका कणभर उशिरात आहे. गायकाची तान ऐकायची आणि ती संपण्याआधी तिची सावली पेटीवर उमटवायची. पुढे धावले तर गायकाची वाट अडते, फार मागे राहिले तर साथ लंगडी पडते. उजवा हात पट्ट्यांवर, डावा भात्यावर. गायकाने दम घेतला की वादक भात्याचा जोर वाढवून ती जागा भरतो. बैठक सुरू होण्याआधी दोघांत एकच वाक्य होते: ‘काळी दोन?’ म्हणजे सूर पेटीच्या दुसऱ्या काळ्या पट्टीवर धरायचा का. पुरुषाचा सूर बहुधा काळी एक किंवा दोनवर बसतो, बाईचा काळी चार-पाचच्या आसपास. एक मात्र पेटीला कधीच साधले नाही, ती मींड. एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणे पट्टीला शक्य नाही.

याही कारणावरून आकाशवाणीने 1940 साली पेटीला बंदी घातली. नागपूर केंद्र 1948 साली सुरू झाले, तेव्हा ही बंदी लागू होती. बंदी 1971 मध्ये सैल झाली, तीही फक्त साथीपुरती. म्हणजे तोपर्यंत रेडिओवर गायला जाणाऱ्या वऱ्हाडच्या गवयाला गावातला पेटीवाला घरीच ठेवावा लागे. बंदीचा युक्तिवाद शास्त्राच्या अंगाने समजण्यासारखा असला, तरी तो लोकांच्या कानांशी जुळणारा नव्हता.

कारण तोवर वऱ्हाडाच्या खेड्याखेड्यांत पेटी भजनात पक्की बसली होती. अमरावती जिल्ह्यातल्या यावलीत 1909 साली जन्मलेल्या तुकडोजी महाराजांनी मोझरीला गुरुकुंज आश्रम उभारला आणि गुरुदेव सेवा मंडळाच्या शाखांतून भजनाची एक शिस्तबद्ध पद्धत पसरवली. महाराजांच्या हातात खंजिरी असे. खंजिरी वाजवणाऱ्याचे दोन्ही हात गुंतलेले, म्हणून सुराची बाजू दुसऱ्याकडे गेली. एरवी भजनी बुवा स्वतःच पेटी वाजवत गातो. खंजिरी भजनाने मात्र गाणारा आणि पेटी वाजवणारा असे दोन माणसांत काम वाटले. गाडगे महाराजांचे कीर्तन याच जिल्ह्यातले, पण त्याचा डोलारा वाद्यांवर नव्हता, लोकांशी सवाल-जवाब करण्यावर होता. बाबासाहेबांच्या 1956 च्या धम्मदीक्षेनंतर भीमगीतांच्या गायन पार्ट्या वाढल्या, त्यांत पेटी, ढोलक आणि बँजो हे त्रिकूट ठरून गेले.

अमरावतीत 1932 साली जन्मलेल्या सुरेश भटांनी मराठी गझलेला मान मिळवून दिला, आणि अमरावती जिल्ह्यातल्या आष्टगावचे भीमराव पांचाळे यांनी ती मैफलीत उभी केली. गझलेत शेराच्या दोन ओळींमधले थांबणे महत्त्वाचे. पहिली ओळ म्हटल्यावर श्रोता दुसरीची वाट पाहतो, आणि तो क्षण पेटीवाल्याचा. त्याने जास्त वाजवले तर शेर पातळ होतो.

1980 साली जपानच्या कॅसिओ कंपनीने आपला पहिला इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड बाजारात आणला. पुढे तो ऑर्केस्ट्रात, लग्नांच्या मांडवांत आणि गणपती-नवरात्राच्या मंचांवर आला, आणि कुठल्याही कंपनीचा कीबोर्ड असो, लोक त्याला ‘कॅसिओ’च म्हणू लागले. यात ठेके साठवलेले, बासरी-व्हायोलिनचे आवाज तयार, आणि गायकाचा सूर बदलला की ट्रान्सपोजचे बटण. त्यामुळे पाच-सहा वादकांचा खर्च एका माणसावर आला, आणि गायक-कीबोर्डवाला अशी दोघांची जोडीही कार्यक्रम निभावू लागली. कराओके आल्यावर अनेक ठिकाणी कीबोर्डवालाही गळाला. भजनी मंडळांत मात्र पेटी अजून आहे; तिला वीज लागत नाही आणि खेड्यातला भारनियमनाचा वार ती विचारत नाही.