सोलापूरची पत : शाहजोग हुंडी ते पतगुणांक

'पत' या दोन अक्षरी शब्दाला आपल्या बाजारपेठेत एके काळी रोख रकमेहून अधिक वजन होते. १८६० मध्ये आगगाडी सोलापुरास पोहोचली. १८७७ मध्ये आपली 'जुनी गिरणी' उभी राहिली आणि कापूस, सूत व कापड यांचा व्यवहार दूरदूरच्या पेढ्यांशी जोडला गेला. एवढी रक्कम प्रत्येक वेळी थैलीत घालून नेणे शक्य नव्हते. ते काम हुंडीने केले.

हुंडीचे प्रकार अनेक. दाखविताच पैसे मिळावयाचे ती दर्शनी, ठरलेल्या मुदतीनंतर मिळावयाचे ती मुदती. हुंडी गहाळ झाल्यास 'पेठ' लिहून देत, तीही हरवल्यास 'परपेठ'; रक्कम चुकती झालेल्या हुंडीस 'खोखा' म्हणत. यांत शाहजोग हुंडी विशेष लक्षणीय होती. तिचे पैसे वाटेल त्यास मिळत नसत. बाजारात 'शाह' म्हणून मान्यता असलेल्या व्यापाऱ्यासच ते दिले जात. पुढे ती हुंडी खोटी ठरल्यास त्या शाहाने घेतलेली रक्कम व्याजासह परत करावी, असा रिवाज होता. अमुक एक माणूस शाह आहे की नाही, हे बाजारच सांगत असे. आजच्या पतगुणांकाचा हा पूर्वज म्हणावयास हरकत नाही. सत्याणुव्रताच्या अतिचारांत खोटे दस्तऐवज करणे (कूटलेखक्रिया) आणि ठेव बुडविणे (न्यासापहार) हे दोन्ही गणले आहेत, ते व्यापारी गृहस्थाचे जीवन ओळखूनच.

या पतीतून काय घडू शकते याचे उदाहरण आपल्या गावचेच आहे. 'जैन बोधक'चे संस्थापक शेठ हिराचंद नेमचंद दोशी यांचे चिरंजीव वालचंद यांचा जन्म १८८२ मध्ये सोलापुरात झाला. रेल्वेतील कारकुनी सोडून कंत्राटदारीकडे वळलेल्या लक्ष्मणराव फाटक यांच्यापाशी कामाची माहिती होती, भांडवल नव्हते. वालचंदांनी त्यांच्याशी भागीदारी केली आणि बार्शी लाइट रेल्वेच्या कामापासून आरंभ झाला. १९१९ मध्ये ते सिंदिया कंपनीच्या जहाजांपर्यंत पोहोचले.

परंतु ही एक बाजू झाली. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांची खतपत्रे जाळली व हा उठाव नगर जिल्ह्यातही पसरला. त्याचा रोख प्रामुख्याने मारवाडी व गुजराती सावकारांवर होता, हे लपविण्याचे कारण नाही. कुळाने अंगठा उठवावयाचा, आकडा मात्र सावकाराच्या वहीत. ती वही कुळास वाचता येत नसे आणि कोर्टात तीच पुरावा ठरे. १८७९ चा दक्षिणेतील शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा पुणे, सातारा, नगर व सोलापूर या चार जिल्ह्यांस लागू झाला. भरलेल्या रकमेची पावती, वार्षिक हिशेब आणि पासबुक मागण्याचा हक्क त्याने कुळास दिला. माझ्या मते पतीच्या इतिहासातील सर्वांत महत्त्वाची घटना हीच. आपल्या नावावर काय लिहिले आहे, हे पाहण्याचा ऋणकोचा अधिकार येथे मान्य झाला.

१९०४ च्या सहकारी पतपेढ्यांच्या कायद्याने पतीचा आधार बदलला. ग्रामीण पतपेढीत सभासदांची जबाबदारी अमर्यादित असे, त्यामुळे शेजाऱ्याचे कर्ज थकले तर झळ सर्वांनाच लागे आणि शेजारी लक्ष ठेवीत.

२००० मध्ये मुंबईत 'सिबिल' ही संस्था स्थापन झाली व २००५ मध्ये पतविषयक माहिती कंपन्यांचा कायदा संमत झाला. आता अशा चार कंपन्या असून ३०० ते ९०० या मापात आपली पत मोजली जाते. हप्ते वेळेवर भरले काय, क्रेडिट कार्डाच्या मर्यादेपैकी किती रक्कम वापरात आहे, थोड्या अवधीत किती ठिकाणी कर्ज मागितले, यांवर तो अंक ठरतो. पेढीवरचा शेठ हप्ता का चुकला हे विचारी. यंत्रास केवळ तारीख कळते. मात्र बाजारात ओळख नसलेल्या विणकरास शेठ उभाही करीत नसे. यंत्र त्याचे आडनाव पाहून गुण देत नाही, हेही मान्य केले पाहिजे.

१८७९ चा हक्क आज नव्या रूपात उपलब्ध आहे. २०१७ पासून प्रत्येक कंपनीकडून वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल विनामूल्य मिळतो. चुकीची नोंद तक्रारीनंतर तीस दिवसांत दुरुस्त न झाल्यास प्रतिदिनी शंभर रुपये भरपाईचा नियम एप्रिल २०२४ पासून अमलात आला. दिवाळीत वहीपूजन करणाऱ्या घराने त्याच सुमारास हा अहवालही मागवावा. फेडलेले कर्ज 'बंद' म्हणून नोंदले आहे की 'तडजोड' म्हणून, हे विशेषतः पाहावे, कारण दुसरा शेरा पुढील कर्ज मागताना आड येतो. आप्तेष्टांस जामीन राहिलेल्यांनी तर अवश्य पाहावे. मेहुण्याचा हप्ता थकला तर ती नोंद जामीनदाराच्या अहवालातही उमटते, आणि बँकेची पायरी चढेपर्यंत पुष्कळांना तिचा पत्ताही नसतो.