परळच्या शिळेचें नांव

गेल्या श्रावणांत लालबागेस एका गृहस्थांकडील हस्तलिखितांचें दप्तर पाहावयास गेलों होतों. गृहस्थ सायंकाळपर्यंत परतणार नव्हते. मधला वेळ रिकामा सांपडला, तेव्हां परळगांवांतील बारादेवीच्या देवळाकडे पावलें वळलीं. तेथील शिवशिळा छायाचित्रांवरून परिचित होती. प्रत्यक्ष दर्शनाचा योग साठी उलटल्यावर, आणि तोहि असा अकल्पित आला.

ही शिळा इ. स. १९३१ मध्यें परळहून शिवडीकडे जाणाऱ्या रस्त्याचें काम चालू असतां भूमींतून निघाली. राजवाड्यांनीं ‘महिकावतीची बखर’ छापली १९२४ सालीं, आणि १९२६ च्या अखेरीस ते निवर्तले. उत्तर कोंकणाच्या पूर्वेतिहासाचा एवढा धांडोळा घेणाऱ्या पुरुषास हें साधन अवघ्या पांच वर्षांनीं चुकलें, याची हळहळ वाटते.

शिळेची उंची ११ फुटांहून अधिक, रुंदी ६ फुटांवर, दगड पांढुरका. खालीं शिव समपाद उभा आहे. त्याच्या मस्तकामागून दुसरा व दुसऱ्याच्या मागून तिसरा वर निघाला आहे. सर्वांत वरच्याचे अनेक हात दोहों बाजूंस पसरले आहेत. या मधल्या ओळीच्या डाव्याउजव्या अंगांस झुकणाऱ्या आणखी चार मूर्ति, एकूण सात. पायथ्याशीं वाद्यें घेतलेले गण. कांहीं भाग शिल्पकारानें अपुराच सोडलेला दिसतो. जाणते हिचा काळ इसवी सनाचें ५ वें किंवा ६ वें शतक मानितात. म्हणजे खाडीपलीकडील घारापुरीच्या लेण्यांपासून ही फार दूरची नव्हे.

परंतु मूर्तीचें नांव सांगणारें एक अक्षरहि शिळेवर नाहीं, आणि नांवें मात्र पुष्कळ सुचविलीं गेलीं. गणांच्या वाद्यांवरून कोणी सप्तस्वरांचा संबंध जोडिला. मुंबईचीं बेटें सात म्हणून तिकडेहि मन धांवतें. पण तो नुसता खेळ होय. मलाहि तेथें उभें असतां एक कल्पना सुचली. शाकुंतलाच्या नांदींत अष्टमूर्ति शिव आहे: जल, अग्नि, यजमान, सूर्य, चंद्र, आकाश, पृथ्वी व वायु. यांतील यजमान, म्हणजे पूजा करणारा, शिळेपुढें उभाच असतो! तेव्हां दगडांत सात कोरून आठवा बाहेर ठेविला असेल काय? कल्पना गोड होती, म्हणूनच तिचा संशय आला. सूर्य कोणता, पृथ्वी कोणती, हें ओळखूं येईल अशी खूण मला एकाहि मूर्तीवर दाखवितां येईना. टिपणवहींत लिहिलेलें तें वाक्य मीं तेथेंच खोडलें. ग्रंथांतील वचन दगडावर चिकटविण्याची आम्हां संस्कृतवाल्यांची खोड जुनीच आहे.

शिळा सरकारी संरक्षणाखालीं असून पूजेंतहि आहे. त्या दिवशीं बेलफुलांच्या राशींनीं गण जवळजवळ झांकले होते, त्यामुळें वाद्यें नीट पाहतां आलीं नाहींत. अभ्यासकानें कुरकुर करावी असा हा प्रसंग. पण म्युझियमांत शिळेची प्लास्टरची प्रतिकृति आहे, गणांसाठीं तिकडे जातां येतें. प्रतिकृतीस फूल कोणी वाहात नाहीं.

सायंकाळीं दप्तर उघडलें. त्यांत महिम्नाची एक पोथी निघाली. पहिल्या पानांवर कुंकवाचे व तेलाचे डाग होते. गृहस्थ संकोचून ओलें फडकें आणूं लागले. मीं त्यांस थांबविलें, आणि वर्णनपत्रांत पानांची संख्या लिहिल्यावर कोणत्या श्लोकांशीं डाग दाट आहेत, तेंहि लिहून घेतलें.