गोदामातील यंत्रमानव आणि माथाडीच्या पाठीवरचे ओझे

मुंबई-नाशिक महामार्गावर मानकोली नाक्याच्या आसपास दुतर्फा गोदामांच्या छपरांची रांग दिसते. काल्हेर, पूर्णा, वळ या भिवंडी तालुक्यातील गावांत ही गोदामे वसली ती यंत्रविद्येमुळे नव्हे, तर करांमुळे. मुंबईच्या जकातहद्दीबाहेर माल उतरवून ठेवावा आणि लागेल तसा शहरात न्यावा, हा त्यामागचा साधा हिशेब होता. देशभर चित्र असेच होते. परराज्यात माल विकला तर केंद्रीय विक्रीकर लागे. तोच माल स्वतःच्या तेथील डेपोत हलविला तर लागत नसे. परिणामी प्रत्येक कंपनीने राज्याराज्यांत लहानलहान कोठारे थाटली.

१ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला आणि हे दोन्ही हिशेब संपले. अनेक छोट्या कोठारांऐवजी चार राज्यांना पुरवठा करणारे एकच मोठे गोदाम परवडू लागले. गोदामांच्या स्वयंचलनाचा विचार भारतात येथून सुरू करावयास हवा. कारण यंत्राला सर्वप्रथम काय लागत असेल, तर भरपूर आणि अखंड काम.

यंत्रमानवाचे आकर्षण मोठे असले तरी खरी क्रांती त्याच्या आधीची आहे. जुन्या गोदामाची स्मरणशक्ती कारकुनाच्या डोक्यात असे. तो रजेवर गेला की माल सापडेनासा होई. जून १९७४ मध्ये अमेरिकेतील ओहायो राज्यातील एका दुकानात च्युइंगमच्या पाकिटावरील बारकोड प्रथम वाचला गेला. पुढे ही रेघांची पट्टी खोक्यांवर आणि फळ्यांवरही आली. गोदाम व्यवस्थापनाच्या संगणक प्रणालीला प्रत्येक खोक्याची जागा ठाऊक असते. त्यामुळे साबणाशेजारी साबणच ठेवण्याची गरज उरत नाही. जो कप्पा रिकामा असेल त्यात वस्तू ठेवावी, शोधण्याचे काम संगणकाचे! पाहणाऱ्याला हा गोंधळ वाटतो, पण जागेचा अपव्यय त्यानेच टळतो. ज्या गोदामात ही शिस्त नाही, तेथे यंत्रमानव आणणे म्हणजे चुका अधिक वेगाने करणे होय.

मागणीनुसार वस्तू वेचणे हे गोदामातील सर्वांत खर्चिक काम समजले जाते, आणि त्यातही कामगाराचा बराच वेळ निव्वळ चालण्यात जातो. २००३ मध्ये अमेरिकेत स्थापन झालेल्या ‘किवा सिस्टिम्स’ने हा प्रश्न उलटा सोडविला. माणसाने कपाटाकडे न जाता कपाटानेच माणसाकडे यावे. बसके, चाकांचे यंत्र जमिनीवरील खुणा वाचत कपाटाखाली शिरते, ते उचलते आणि कामगारापुढे आणून उभे करते. अॅमेझॉनने २०१२ साली ही कंपनी ७७.५ कोटी डॉलरना विकत घेतली. २०२५ मध्ये आपल्या गोदामांतील यंत्रमानवांची संख्या दहा लाखांवर गेल्याचे तिने जाहीर केले. भारतातही ग्रेऑरेंज, अॅडव्हर्ब यांसारख्या कंपन्या अशी यंत्रे बनवितात.

चालणे वाचले म्हणून श्रम वाचले, असे मात्र नव्हे. माणूस एका जागी खिळतो आणि कामाची गती यंत्र ठरविते. यंत्रमानव असलेल्या गोदामांत गंभीर दुखापतींचे प्रमाण अधिक असल्याचे अमेरिकेतील शोधपत्रकारांनी २०२० साली अॅमेझॉनच्या अंतर्गत नोंदींच्या आधारे दाखविले होते. कंपनीने तो निष्कर्ष नाकारला. यंत्रांची स्वतःचीही संकटे असतात. ब्रिटनमधील ‘ओकाडो’ या किराणा कंपनीचे अँडोव्हर येथील स्वयंचलित गोदाम फेब्रुवारी २०१९ मध्ये आगीत भस्मसात झाले. २०२१ साली तिच्याच एरिथ येथील गोदामात तीन यंत्रमानवांची टक्कर होऊन आग लागली.

या सर्व प्रगतीत मालमोटारीचे दार मात्र मागे राहिले आहे. फळी, कप्पा, खोके यांची मापे ठरलेली असतात. मोटारीत भरलेल्या मालाला असे माप नसते. बोस्टन डायनॅमिक्सचा ‘स्ट्रेच’ हा यंत्रमानव मोटारीतील खोकी उतरवितो. पण त्याची मर्यादा सुमारे २३ किलो वजनाच्या खोक्यापर्यंत आहे. आपल्याकडे मोटारीतून पन्नास किलोची गोणी उतरते, कापडाची गाठ उतरते, कधी एकाच फेरीत पिंपे आणि पंखेही उतरतात. हौद्यांची उंची निरनिराळी. अनेक जुन्या गोदामांना मोटार टेकविण्याचा धक्काही नसतो. म्हणून आत संगणकाचा पडदा आणि दारात टोळी, मुकादम व आकडा, हे दृश्य अजून बराच काळ राहील असे वाटते.

महाराष्ट्रात या टोळीला कायद्याचा आधार आहे. माथ्यावर ओझे वाहणारा तो माथाडी. अण्णासाहेब पाटील यांच्या नेतृत्वाखालील लढ्यातून १९६९ चा माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगार अधिनियम झाला. कामगाराची नोंदणी मंडळाकडे होते. मालक मजुरी आणि तिच्यावरील लेव्ही मंडळात भरतो, आणि भविष्य निर्वाह निधी, उपदान, औषधोपचार यांची सोय त्यातून होते. रोज मालक बदलणाऱ्या मजुराला स्थैर्य देणारी ही व्यवस्था देशात आगळीच म्हणावी लागेल. परंतु तिचा सारा पाया हाताने उचललेल्या मालावर उभा आहे. माल जितका कमी उचलला जाईल, तितकी मंडळाची जमाही कमी होईल.

यंत्रमानवापेक्षा जवळचे आव्हान साधे आहे. मोटारीच्या पोटात लांबत जाणारा सरकता पट्टा आता मोठ्या कुरिअर केंद्रांत दिसतो. त्याने कंबर वाचते, हे निर्विवाद. पण टोळीतील किती जणांना काम उरते, आणि पट्ट्यावर खोके ठेवणाऱ्या कामगाराला माथाडी म्हणावयाचे की यंत्रावरील कंत्राटी मदतनीस, हा वाद भिवंडीच्या दारात येऊन ठेपला आहे.