चॉकलेट आणि रासबेरी : एका 'पारंपरिक' जोडीचं वय

मागच्या व्याख्यानानंतर एका श्रोत्यांनी विचारलं होतं की, इतिहासाच्या मालेत खाण्यावर बोलणार म्हणजे नेमकं काय सांगणार, पाककृती की सनावळी? आज दोन्ही थोडं थोडं होईल. विषय एका जोडीचा आहे. चॉकलेट आणि रासबेरी.

पुण्या-मुंबईच्या कुठल्याही बऱ्या केकच्या दुकानात जा, काचेमागे काळपट चॉकलेटचा तुकडा आणि त्यावर एक लाल रासबेरी दिसतेच. खाली पाटीवर 'क्लासिक' असं लिहिलेलं असतं. माझा आजचा मुद्दा या एका शब्दाशी आहे. चॉकलेट जुनं आहे, रासबेरी तर त्याहून जुनी आहे, पण त्यांचा संसार आपल्याला वाटतो तेवढा जुना नाही. आणि तो उशिरा का जुळला, यात बराच इतिहास दडलेला आहे.

आधी रासबेरी. शास्त्रीय नाव रूबस आयडीयस, म्हणजे इडा पर्वतावरची. युरोपात ती रानातून गोळा करून खात, पुढे बागेत आली. या फळाची एक शारीरिक अडचण आहे. स्ट्रॉबेरी तोडली की तिचा गाभा आतच राहतो. रासबेरी तोडली की गाभा झाडावर राहतो आणि हातात येते ती एक पोकळ टोपी. बारीक बारीक रसाळ मणी एकमेकांना चिकटलेले, आत काही नाही. त्यामुळे ती स्वतःच्याच वजनाने दबते. सकाळी तोडली तर संध्याकाळी टोपलीच्या तळाशी रस आणि एक-दोन दिवसांत बुरशी. रेल्वे आणि बर्फ येण्याआधी ताजी रासबेरी ही फक्त बागेजवळ राहणाऱ्यांची चैन होती. बाकीच्यांसाठी रासबेरी म्हणजे जॅम, सरबत, नाहीतर व्हिनेगर.

हे लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं यावरच उभं आहे.

चॉकलेटचा प्रवास तुम्हाला माहीत आहे, म्हणून धावतो. मध्य अमेरिकेत ते पेय होतं, युरोपात आलं तेव्हाही पेयच राहिलं. 1828 मध्ये हॉलंडच्या व्हान हाउटेन यांनी कोकोतलं लोणी दाबून वेगळं काढायची युक्ती पेटंट केली, 1847 मध्ये इंग्लंडात फ्राय कंपनीने खायची वडी काढली, 1879 मध्ये स्वित्झर्लंडमध्ये लिंट यांनी चॉकलेट तासन्‌तास घोटून मऊसूत केलं. म्हणजे जिभेवर विरघळणारं चॉकलेट हे जेमतेम दीडशे वर्षांचं प्रकरण आहे.

आता व्हिएन्नाला जाऊ. केकमध्ये चॉकलेट आणि फळ एकत्र येण्याची सगळ्यात गाजलेली गोष्ट तिथली. 1832 साली मेटर्निख यांच्या स्वयंपाकघरात फ्रान्झ साखर नावाच्या सोळा वर्षांच्या उमेदवाराने चॉकलेटचा केक केला, अशी कथा सांगतात. (साखर हे त्याचं आडनाव, जर्मनमधलं. योगायोग गोड आहे, पण योगायोगच.) या साखरटोर्टमध्ये फळ आहे, पण रासबेरी नाही, जर्दाळू. का? जर्दाळूचा जॅम गरम करून केकवर लावला की त्याचा पातळ, चिकट थर बसतो. केकचा चुरा वरच्या चॉकलेटच्या आवरणात मिसळत नाही आणि आतला ओलावा उडत नाही. म्हणजे तो जॅम चवीसाठी आहेच, पण त्याहून जास्त गिलाव्यासाठी आहे. रासबेरीत बिया. गिलाव्यात खडे कोण घालेल?

या थरावरून पुढे खटला झाला. फ्रान्झचा मुलगा एडुआर्ड डेमेल या मिठाईवाल्यांकडे काम शिकला, मग 1876 मध्ये त्याने हॉटेल साखर काढलं. पुढे 'अस्सल' म्हणायचा हक्क कोणाचा यावर हॉटेल आणि डेमेल कोर्टात गेले. 1954 ते 1963, नऊ वर्षं! जॅमचा थर केकच्या मधोमध हवा की फक्त आवरणाखाली, लोण्याऐवजी मार्जरीन चालेल का, यावर साक्षी झाल्या. फ्रीड्रिख टोरबेर्ग या लेखकाचीही साक्ष झाली. शेवटी तडजोड : हॉटेलने 'ओरिजिनल साखरटोर्ट' म्हणायचं, डेमेलने 'एडुआर्ड साखरटोर्ट'. आपण हसतो, पण हापूस हे नाव कुणी वापरायचं यावरची आपली भांडणं आठवा. नावात पैसा असतो.

ऑस्ट्रियातलाच दुसरा केक, लिंत्सरटोर्ट. याची 1653 ची लिखित कृती सापडली आहे, आडमोंट मठाच्या संग्रहातल्या एका हस्तलिखितात. सुकामेवा, दालचिनी, वर पट्ट्यांची जाळी आणि आत लाल जॅम, आज बहुधा रेड करंटचा, कधी रासबेरीचा. म्हणजे लाल आंबट जॅम आणि भाजलेल्या सुक्यामेव्याचा कडवटपणा ही जोडी युरोपच्या जिभेला ओळखीची होती. चॉकलेटशी जमायची पूर्वतयारी म्हणा.

मग फ्रेंच लोकांनी तरी केलं असेल? एस्कोफिए हे त्या काळचं सर्वांत मोठं नाव. त्यांनी लंडनमध्ये नेली मेल्बा या गायिकेसाठी पीच आणि व्हॅनिला आइस्क्रीमचा पदार्थ केला आणि नंतर, कार्लटन हॉटेलात गेल्यावर, त्यावर रासबेरीचा गाळलेला गर ओतला. तीच पीच मेल्बा. दुसरीकडे ऑफेनबाखच्या 1864 च्या संगीतिकेवरून नाव पडलेला 'पोआर बेल एलेन' : नासपती आणि वर गरम चॉकलेट सॉस. बघा, रासबेरीची ताटली वेगळी, चॉकलेटची वेगळी. आता, कुठल्या घरात कुणा बाईने चॉकलेटच्या केकमध्ये रासबेरीचा जॅम भरला नसेल असं मी म्हणत नाही. नक्की भरला असेल. पण पाटीवर 'क्लासिक' लिहायला एवढं पुरत नाही.

मधे स्कॉटलंडमध्ये थांबू, कारण रासबेरी स्वस्त कशी झाली ते तिथे दिसतं. पर्थशरमधलं ब्लेअरगौरी हे रासबेरीचं गाव. जवळच डंडी शहर, ताग, जॅम आणि वृत्तपत्रं या तीन गोष्टींसाठी प्रसिद्ध. त्यातला ताग बंगालचा, हेही इथे नोंदवून ठेवू. जुलैत डंडी-ग्लासगोची गरीब कुटुंबं आणि तिथले भटके, ज्यांना ट्रॅव्हलर्स म्हणतात, ते मुलाबाळांसह तोडणीला यायचे. वजनावर मजुरी. आपल्याकडच्या ऊसतोडीचं चित्र डोळ्यांसमोर येतं, फक्त हंगाम छोटा. 1950 च्या दशकात हॅमिश हेंडरसन हे लोकगीतांचे संग्राहक याच शेतांत ध्वनिमुद्रण करत फिरले, कारण रात्री शेकोटीभोवती ती माणसं गायची. ते फळ बहुतेक जॅमच्या कढईत जायचं.

चित्र बदललं ते गोठवण्याच्या तंत्राने. 1920 च्या दशकात अमेरिकेत क्लॅरन्स बर्ड्‌झाय यांनी झटकन गोठवायची यंत्रं केली. हळू गोठवलं तर फळात बर्फाचे मोठे स्फटिक होतात आणि पेशी फाटतात, झटकन गोठवलं तर कमी. 1930 मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्डच्या दुकानांत असे गोठवलेले पदार्थ विकायला ठेवले, त्यांत फळंही होती. इथून पुढे रासबेरी जानेवारीतही मिळू लागली, आणि जॅम म्हणून नाही, रासबेरी म्हणून. आंबटपणासकट. जॅममध्ये साखर इतकी असते की चॉकलेटची साखर आणि तिची साखर मिळून तोंड आळतं. चॉकलेटशी खरी गाठ पडायला साखर न घातलेली रासबेरी हवी होती.

आणि कमी साखरेचं चॉकलेटही. 1977 मध्ये रोबेर लँक्स या बास्क कारागिराने पॅरिसमध्ये 'ला मेझों द्यू शोकोला' काढलं. त्याच्या हातचं गनाश, म्हणजे क्रीम आणि चॉकलेटचं मऊ मिश्रण, फार नावाजलं गेलं. त्याच्या 'साल्वादोर' नावाच्या चॉकलेटमध्ये रासबेरी आहे. 1986 मध्ये व्हालरोना कंपनीने सत्तर टक्के कोकोचं 'ग्वानाहा' काढलं आणि 1990 मध्ये मादागास्करच्या कोकोचं एक चॉकलेट, ज्याचं नाव, ऐका, 'मंजरी'. आपलीच मंजरी. मादागास्करच्या कोकोला स्वतःलाच लाल फळांसारखा आंबूस वास असतो, हे चाखणारे सगळे सांगतात. तेव्हा माझ्या मते ही जोडी आज दिसते त्या रूपात 1970 नंतरची आहे. माझ्याहून लहान.

करून बघणाऱ्यांसाठी थोडं. मी पहिल्यांदा केलं तेव्हा वितळलेल्या चॉकलेटमध्ये रासबेरीचा गर चमचाभर टाकला आणि त्याचा दगड झाला. सगळं फुकट. कारण असं की, वितळलेल्या चॉकलेटमध्ये पाणी जवळजवळ नसतं, साखर आणि कोकोचे कण स्निग्धांशात तरंगत असतात. थोडं पाणी पडलं की कण ओले होऊन एकमेकांना चिकटतात. भरपूर पडलं तर मात्र ते पुन्हा सुटतात. आणि रासबेरीत पाणीच पंच्याऐंशी टक्क्यांच्या आसपास. म्हणून चॉकलेटात गर थेंबथेंब घालू नका. 60-65 टक्क्यांचं चॉकलेट 200 ग्रॅम बारीक चिरून घ्या. गोठवलेल्या रासबेरीचा गाळलेला गर 100 ग्रॅम आणि घट्ट क्रीम 80 ग्रॅम एकत्र गरम करा, उकळू नका, आणि तीन वेळा करून चॉकलेटवर ओतत मधोमध ढवळा. दूध नको, आंबटाने फाटतं. पुरणयंत्र वापरू नका, बिया खाली येतात. बारीक गाळणीच हवी. टार्टमध्ये भरण्याइतकं मऊ होतं.

ही गोठवलेली रासबेरी येते कुठून? फार मोठा वाटा सर्बियाचा. आरिल्ये नावाच्या छोट्या गावाभोवती डोंगरउतारावर छोटे छोटे शेतकरी ती पिकवतात आणि शीतगृहवाल्यांना विकतात. भाव शीतगृहवाला ठरवतो, कारण फळ थांबत नाही. भावासाठी तिथल्या शेतकऱ्यांनी रस्ते अडवलेले आहेत. लासलगावचा कांदा निदान चाळीत काही महिने टिकतो. रासबेरीवाल्याकडे एक दिवस असतो. कोकोकडे बघा, निम्म्याहून जास्त आयव्हरी कोस्ट आणि घाना या दोनच देशांतून येतो, आणि तिथल्याही शेतकऱ्याच्या हातात भाव नाही.

(श्रोत्यांतून प्रश्न : मुंबईच्या इराण्याकडची रासबेरी यात कुठे बसते?)

बरं झालं विचारलंत. आपल्यापैकी अनेकांची रासबेरीशी पहिली ओळख फळातून झालीच नाही, बाटलीतून झाली. पालनजी, ड्यूक्स. बॅलार्ड इस्टेटमधल्या ब्रिटानियात बेरी पुलाव आणि लाल रासबेरी सोडा. त्या पुलावातली बेरी मात्र रासबेरी नव्हे, ती इराणची झरेश्क. तो लाल सोडा म्हणजे युरोपच्या रासबेरी सरबताचाच वंशज, फळ प्रवास करू शकत नव्हतं तेव्हाच्या काळातला.

(प्रश्न : आणि महाबळेश्वरची?)

तिथे मिळते ताजी, हंगामात. शिवाय आपल्या घाटात तिची एक रानटी बहीण आहे, रूबस नीवियस, जिला इंग्रजीत म्हैसूर रासबेरी म्हणतात. पिकली की जांभळट काळी होते, आंबटपणा कमी. चॉकलेटसमोर ती थोडी दबते. मी गेल्या मे महिन्यात त्याऐवजी करवंदांचा गर घालून बघितला. आधी उकडून, चीक जाऊ देऊन, गाळून. रंग तोच आला. फक्त करवंद जरा तुरट लागतं, म्हणून क्रीम 80 च्या जागी 100 ग्रॅम घ्यावी लागली.