तेरावे मूल : ॲमस्टरडॅम, १९४३

संकटात सापडलेल्यांना सोडविणाऱ्या माणसांचा इतिहास बहुधा वाचलेल्यांच्या संख्येने लिहिला जातो. ही पद्धत गैर नव्हे. कृतज्ञतेला आकडा लागतो आणि संशोधनालाही लागतो. परंतु अशा माणसांच्या उत्तरायुष्यातील निवेदने पाहिली, तर त्यांनी स्वतः मनाशी ठेवलेला हिशेब पुष्कळदा दुसऱ्याच रकान्यातील असल्याचे आढळते. त्या हिशेबाचे स्वरूप काय, आणि इतिहासकाराने त्याचे मोल कसे ठरवावे, ह्या दोन प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात ॲमस्टरडॅममधील एका घटनेच्या आधारे करावयाचा आहे.

मे १९४० मध्ये जर्मनीने नेदरलँड्स व्यापला. त्या वेळी तेथे सुमारे १,४०,००० ज्यू राहत होते. जुलै १९४२ पासून त्यांना पूर्वेकडील छावण्यांत पाठविण्यास आरंभ झाला. सुमारे १,०७,००० जणांना नेण्यात आले. परत आले ते जेमतेम पाच हजार. ॲमस्टरडॅममध्ये पकडलेल्या माणसांना प्रथम प्लांटाझ मिडेनलान ह्या रस्त्यावरील एका जुन्या नाट्यगृहात कोंडीत आणि तेथून वेस्टरबोर्कच्या छावणीत धाडीत. नाट्यगृहात गर्दी मावेनाशी झाली, तेव्हा लहान मुलांना रस्त्यापलीकडील पाळणाघरात ठेवण्याची व्यवस्था करण्यात आली. जर्मनांच्या दृष्टीने ही केवळ सोय होती. सुटकेचा मार्ग तीतूनच निघाला.

पाळणाघराच्या संचालिका हेन्रिएट पिमेंटेल, नाट्यगृहातील व्यवस्था पाहणारे वॉल्टर झ्यूसकिंड आणि पाळणाघराशेजारील अध्यापक विद्यालयाचे तरुण प्रमुख योहान फान हुल्स्ट हे ह्या कार्यातील तीन प्रमुख दुवे. पिमेंटेल व झ्यूसकिंड स्वतः ज्यू होते; फान हुल्स्ट ख्रिस्ती. मुलाचे नाव नोंदपत्रांतून नाहीसे करणे हे झ्यूसकिंड व त्यांच्या सहकाऱ्यांचे काम. मागील अंगणातील कुंपणावरून मूल विद्यालयात पोहोचे, आणि तेथून विद्यार्थ्यांच्या गुप्त गटांमार्फत दूरच्या कुटुंबांत जाई. कधी समोरून ट्रॅम जात असता पहारेकऱ्यांची दृष्टी अडे. तेवढ्या क्षणात मुलाला बाहेर काढण्यात येई. अशा रीतीने सुमारे ६०० मुले वाचली.

ह्या पद्धतीतच निवड अटळ होती, ही गोष्ट येथे ध्यानात घेतली पाहिजे. आईबापांच्या संमतीवाचून मूल नेता येत नसे. आणि आपले मूल अनोळखी हाती सोपविण्यास सारेच आईबाप तयार होणे शक्य नव्हते. तान्हे मूल पिशवीत वा टोपलीत लपविता येई, सात-आठ वर्षांचे येत नसे. बाहेर घर मिळाल्यावाचून मूल हलविणे धोक्याचे होते. एकाच वेळी पुष्कळ मुले नाहीशी झाली असती, तर संशय येऊन सगळाच मार्ग बंद झाला असता. म्हणजे उद्या आणखी काही मुले वाचावीत म्हणून आज काहींना मागे ठेवणे भाग होते.

जुलै १९४३ मध्ये पिमेंटेल ह्यांना पकडून नेण्यात आले. त्यांचा आउश्वित्झ येथे अंत झाला. सप्टेंबरअखेर पाळणाघर रिकामे होणार हे निश्चित झाले, तेव्हा आत सुमारे शंभर मुले उरली होती. बत्तीस वर्षांच्या फान हुल्स्ट ह्यांना त्यांतून किती नेता येतील, कोणती नेता येतील, हे उभ्या उभ्या ठरवावे लागले. त्यांनी बारा नेली. पुढे ते प्राध्यापक झाले, संसदेच्या वरिष्ठ सभागृहाचे सदस्य झाले, आणि २०१८ मध्ये वयाच्या १०७ व्या वर्षी वारले. परंतु त्या दिवसाविषयी बोलताना ते पुनःपुन्हा एकाच प्रश्नाशी येत : बाराच का? तेरा का नाहीत?

हा प्रश्न भाषेच्या अंगाने तपासण्याजोगा आहे. मराठीत ‘मी ती मुले वाचविली नाहीत’ आणि ‘मला ती मुले वाचविता आली नाहीत’ ह्या दोन वाक्यांत मोठे अंतर आहे. पहिल्यात न करण्याचे कर्तृत्व बोलणाऱ्याकडे येते. दुसऱ्यात ‘मी’चा ‘मला’ होतो आणि असमर्थता बाहेरच्या परिस्थितीवर टेकते. वस्तुस्थिती दुसऱ्या वाक्याची असताना मन पहिले वाक्य बोलत राहते, हेच अशा माणसांच्या वेदनेचे मर्म होय. दोन्ही वाक्यांत एक गोष्ट मात्र समान आहे : मुलांना मारणारा त्यांत कोठेच नाही. ज्याने निवड करणे भाग पाडले तो वाक्याबाहेर निसटतो, आणि ज्याने बारा जीव वाचविले तो उरलेल्यांचा जाब स्वतःस विचारीत बसतो.

तुलनेसाठी निकोलस विंटन ह्यांचे उदाहरण घेता येईल. त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३९ मध्ये प्रागहून ६६९ मुले इंग्लंडला आणली. सुमारे २५० मुलांची शेवटची गाडी १ सप्टेंबरला निघावयाची होती. त्याच दिवशी जर्मनीने पोलंडवर आक्रमण केले आणि ती सुटलीच नाही. येथेही हानी भयंकर आहे. परंतु दार युद्धाने बंद केले. ॲमस्टरडॅमच्या त्या खोलीत दार काही क्षण उघडे होते, आणि म्हणूनच ‘आणखी एक’ ही कल्पना शक्य वाटत राहिली. मदतीचा हात जितका जवळ पोहोचतो, तितकी न वाचलेल्यांची संख्या अमूर्त राहत नाही. तिला चेहरे येतात.

‘तुमचा दोष नव्हता’ असे सांगून हा प्रश्न मिटविण्याचा अधिकार इतिहासकाराला नाही. फान हुल्स्ट ह्यांना हे तर्काने कळत नव्हते असे मानण्याचे कारण नाही. त्यांच्या प्रश्नावर अपराधाचा कबुलीजबाब असा शिक्का मारणे तर त्याहून चुकीचे ठरेल. त्या शंभरांतील मागे राहिलेल्या मुलांची आठवण निदान एका माणसाने एक-एक मूल म्हणून जतन केली, असा त्याचा अर्थ घ्यावा लागतो. इतिहासकाराचे काम वाक्यातील निसटलेला कर्ता परत जागेवर आणण्याचे आहे : ती मुले एका राज्ययंत्रणेने ठरवून मारली. हे स्पष्ट लिहिल्यानंतरच ६०० ह्या आकड्याशेजारी दुसरा रकाना मांडता येतो. त्या अध्यापक विद्यालयाच्या वास्तूत २०२४ मध्ये राष्ट्रीय संग्रहालय उघडण्यात आले. तेथे दोन्ही रकान्यांना जागा मिळणे हेच त्या बाराव्या आणि तेराव्या मुलाच्या दृष्टीने न्याय्य होय.